डोळ्यांतले थेंब
डोळे तपासायला औषधाचे थेंब टाकले की थोड्या वेळानं घशात कडू चव उतरते, आणि मला हिंगोलीजवळच्या गोरेगावचं आमचं घर आठवतं. मी एकोणीस वर्षांची होते, दहाव्या वर्षापासून इन्सुलिन घेत होते. त्या दिवशी हिंगोलीच्या डॉक्टरांनी थेंब टाकून तपासलं आणि म्हणाले, "पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांना फुगे यायला लागलेत. एवढ्या कमी वयात यायला नको होते." रिपोर्ट घेऊन जीपनं परत आले. उन्हाकडं बघवत नव्हतं, जवळचं सगळं पुसट दिसत होतं. घरात पाहुणे बसले होते. उद्या मला बघायला येणार होते, ते आजच आले. आईनं घाईघाईनं साडी नेसवून मला त्यांच्यासमोर बसवलं. मुलाच्या वडिलांनी पेपर पुढं केला, "वाच बरं पोरी, दोन ओळी." एक अक्षर लागेना. थेंबांचं सांगितलं असतं तर आजार सांगावा लागला असता, म्हणून मी पेपर खाली ठेवला. "लाजून राहिली," आई म्हणाली. उठताना ते आईला म्हणाले, "पोरगी बारावी झाली म्हणलं व्हतं तुमी." ते गेल्यावर पोह्यांच्या बश्या उचलत आईनं हुश्श केलं. "अडाणी समजून गेले, बरं झालं. शुगरचं तर न्हाई कळलं." रिपोर्ट माझ्या पर्समध्ये तसाच घडी घातलेला होता. आज पुन्हा थेंब टाकून तपासलं, तेव्हा फुगे वाढलेत, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले होते, ते आईनं अजून विचारलेलं नाही.