दोन हजार पाचशे वीस धागे

बोट ओलं केल्याशिवाय बासिलिया कोयोय, सगळ्यांच्या आदराच्या 'दोन्या', धाग्याला हात लावत नसत. मागाच्या उभ्या धाग्यांचा ताणा लावताना कुणी हाक मारली, तर मोजणीचा दाणा पडेपर्यंत ओ देत नसत. वीस धागे झाले की मक्याचा एक दाणा एप्रनच्या उजव्या खिशातून डाव्या खिशात. कॉफीबरोबरच्या पावाचे तुकडे माणसं मोजून, अगदी सारखे करत.

साल्काखा गावातल्या विणकरांचे ताणे त्या लावत. दर ताण्याला दोन हजार पाचशे वीस धागे, म्हणजे एकशे सव्वीस दाणे. साहित्याची पदवी घेऊन विणकर संस्थेत टायपिंग करणारी लिसांद्रा एकदा हसली होती.

"एवढा आडनिडा आकडा कशाला, दोन्या?"

"आडनिडा? कुणी सात धाग्यांची नक्षी विणतो, कुणी नऊची. एकपासून दहापर्यंत कशानेही भाग, धागा उरत नाही. याहून लहान असा आकडा शोधून दाखव, मग तुझ्या पदवीला मानीन."

लिसांद्राने आठवडाभर कागद खराब केले. सापडला नाही.

"पाच, सात, आठ, नऊ. यांचा गुणाकार कर," दोन्या म्हणाल्या. "बाकीचे यांच्याच पोटात आहेत."

मग नवा मॅनेजर फाउस्तीनो आला. "अडीच हजार करा. सुटसुटीत आकडा."

"नऊवाल्यांचं शेवटचं फूल दोन धाग्यांनी तुटेल, साहेब."

"तुम्ही धागे ओढा. गणित मी बघतो."

फुलं तुटली. एकतीस कापडं परत आली. मॅनेजरने नोटीस सांगितली, लिसांद्राने टाइप केली: बासिलिया कोयोय यांच्या मोजणीतील चुकीमुळे माल नाकारला गेला. तिने शुद्धलेखनही तपासलं. चाळीस वर्षांत एकदाही न चुकलेली बाई संस्थेच्या दारावरची नोटीस उभ्याने वाचत राहिली.

"टायपिंग छान आहे गं," एवढंच म्हणाल्या.

त्यांनी घरचं सूत काढलं. शुक्रवारच्या सभेत जुन्या मोजणीचा ताणा सगळ्यांसमोर टांगणार होत्या. ज्याला शंका असेल त्याने मोजावं. मंगळवारी सकाळी त्या ताण्यापाशीच कोसळल्या.

दफनाला मॅनेजर पुष्पचक्र घेऊन आला. "मोजणी सोडली, तर बाई फार चांगल्या होत्या."

लिसांद्रा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "अडीच हजारला नऊने भागा."

"पोरी, ही काय वेळ आहे?"

"हीच आहे. भागा. किती उरले?"

त्याने टोपीची कड चाचपली. कुणीच बोललं नाही. ही माणसं नोटीस लागली तेव्हाही अशीच गप्प होती, आणि ती स्वतःसुद्धा.

तिने दारावरची नोटीस फाडली आणि दोन्यांच्या घरी गेली. ताणा खुंट्यांवर तसाच होता. बाजूला ठेवलेल्या एप्रनच्या डाव्या खिशात सत्त्याऐंशी दाणे निघाले, उजव्यात मोजायचे राहिलेले एकोणचाळीस. धाग्याचं टोक सैल लोंबत होतं.