धुतलेला चिकू आणि कोरडी पूड

चिकू धुतल्याशिवाय मी पेटीत भरत नाही. आमच्याकडे कोणीच भरत नाही. अंगावरची तपकिरी भुकटी निघाली की फळ उजळतं, आणि उजळलेल्या फळाला भाव मागता येतो. गंजाडहून टोपली आणून चारोटीच्या नाक्यावर बसायचे, तेव्हा हे माझं मीच शिकले.

आता माझ्या पेट्या दिल्लीला जातात. एका कंपनीने मला पेटीत ठेवायला चाचणीसाठी पुड्या दिल्या. आत स्फटिकांची पूड. पिकताना फळ जो वायू सोडतं तो ही पूड गिळणार, आणि दिल्लीपर्यंत चिकू कडक राहणार, असं त्यांचं म्हणणं. दिल्लीत पेट्या उघडल्या तेव्हा आत लगदा झाला होता. पेटीवर शिक्का माझा, म्हणून शिव्याही मलाच.

मग कंपनीची रसायनवाली मुलगी तलासरीच्या माझ्या गोदामात आली. बोलायला गोड, पण हातात छापील कागद: ‘वापरणाऱ्याची चूक. माल ओला भरला.’ खाली माझी सही हवी होती.

“मावशी, एका सहीचं काम आहे.”

“सही नंतर. आधी सांग, तुझी पूड करते काय?”

तिने नीट सांगितलं. एकेक स्फटिक म्हणजे बारीक खोल्यांची चाळ. खोल्यांच्या भिंतींना हवे ते रासायनिक गट जोडता येतात. जसा गट, तसा पाहुणा आत येतो. यांनी जोडलेल्या गटांना पाण्याची ओढ. धुतलेल्या चिकूचा ओलावाच आधी आत शिरला, वायूला जागा उरली नाही.

“गट बदलता येतात?”

“येतात. पाणी झटकणारे मिथाइल गट लावायचे. पण खोली अरुंद होते, वायू कमी मावतो.”

“मग पुडी मोठी कर. आम्ही चिकू धुतो का, हे आधी विचारलं होतं कुणी?”

“लॅबमध्ये न धुतलेले होते,” ती हळूच म्हणाली.

“तुझ्या साहेबांनी कधी बाजारात बसून चिकू विकलाय का गं?”

ती हसू दाबत खाली बघायला लागली. माझं डोकं मात्र तापलं होतं. तिचंच पेन घेतलं, छापील ओळ खोडली आणि लिहिलं: ‘पूड धुतलेल्या चिकूवर तपासलेली नाही. गट बदलून आणा.’ खाली सही ठोकली.

“साहेब हे घेणार नाहीत, मावशी.”

“नको घेऊ देत. दुसरा कागद मिळणार नाही.”

नवी पूड अजून आलेली नाही. दिल्लीचा व्यापारी माझा फोन उचलत नाही. नाही तर नाही. त्यांची चूक मी माझ्या नावावर लिहून दिली नाही, देणारही नाही.