मिसरला जाऊन येतो!

इंदरगंजातल्या आमच्या नकाशा ऑफिसात किस्से कपाटावरच्या गुंडाळ्यांसारखे साठतात. एक ओढला की दहा अंगावर! पण त्या हिवाळ्यात सगळे किस्से एकाच माणसाचे. आमचे ड्राफ्ट्समन दत्तोपंत बायकोला घेऊन सुट्टीला चक्क इजिप्तला निघाले होते हो! आमच्या लष्कर गावात सगळे इजिप्तला मिसर म्हणत, म्हणून आम्हीही मिसरच म्हणायचो.

*

चहाला फायदे-तोटे निघाले. आमचे साहेब नानासाहेब कट्टर विरोधात. "वाळूच बघायची तर चंबळेला जा! बोट कशाला?"

दत्तोपंतांनी पिरॅमिडचं चित्र पुढे केलं. नानासाहेबांनी चष्मा लावून ते तपासलं.

"एवढं बांधकाम, आणि खिडकी एक नाही? हा नकाशा पास कुणी केला?"

*

खरी अडचण घरी होती. इंदूवहिनींना जायची भारी हौस, पण त्यांनी बजावलं होतं, "आईंनी हो म्हटलं तरच मी येणार." आणि दत्तोपंतांच्या आई तर समुद्र ओलांडायचं नाव काढलं की कानांवर हात ठेवणाऱ्या!

दत्तोपंत भीत भीत म्हणाले, "आई, आम्ही दोघं मिसरला जाऊन येतो."

"जा की! मिसरजींना माझा नमस्कार सांगा."

मिसरजी म्हणजे त्यांचे जुने स्वयंपाकी. म्हातारपणी ते भिंडकडे आपल्या गावी जाऊन राहिले होते.

हे ऐकून ऑफिसात आम्ही ओरडलो, "अहो, मग खुलासा केलात ना?"

"बावळट आहे का मी? हो म्हणाली ना ती, बस्स!"

*

स्टेशनवर आईंनी दत्तोपंतांकडे हळूच लाडवांचा डबा दिला, मिसरजींसाठी! सुनेच्या हातात आवळासुपारी ठेवली. "मळमळलं तर तोंडात धर. हलतं फार."

तो डबा बोटीवर उघडताना दत्तोपंतांच्या तोंडून मिसरजींचं नाव निघालं आणि वहिनींना सगळा प्रकार कळला. त्या अशा भडकल्या की लाडू दत्तोपंतांना एकट्याने खावे लागले. "परत गेल्यावर मी आईंशी खोटं बोलणार नाही. सांगून ठेवते!"

*

कैरोत पहिल्याच दिवशी चहात पुदिना आला. दत्तोपंत हैराण. "ही चाय आहे की चटणी?"

वहिनींचं मात्र मस्त जमलं. "साबुन" म्हटलं की साबण येई, "दुकान" म्हटलं की दुकान सापडे. म्हणाल्या, "इथे तर आपल्या दौलतगंजसारखंच बोलतात की!" पण "बक्षीस" हा शब्दही तिथल्या सगळ्यांना येत होता. तोटा तो एवढाच!

*

पिरॅमिडपाशी उंट उठताना दत्तोपंत घसरून वाळूत! वहिनी नऊवारीत ताठ बसलेल्या. वरून म्हणाल्या, "कासोटा कशासाठी असतो, कळलं का?"

त्याच उंटावर मग दोघांचा फोटो निघाला.

*

परत आले त्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्या घरी हजर. आईंनी पाणी दिलं आणि विचारलं, "काय, मिसरजी कसे आहेत?"

दत्तोपंतांचा चेहरा खर्रकन उतरला. वहिनी उठल्या, त्यांनी ट्रंकेतून फोटो काढला आणि सरळ सासूबाईंच्या हातात दिला. आमचा जीव मुठीत! आता आई रडणार की घराबाहेर काढणार?

आईंनी फोटो उजेडात धरला. पिरॅमिड पाहिला, उंट पाहिला, सून पाहिली.

"मिसरजींनी घर मोठं बांधलंय हो! पुढच्या खेपेला बोटीवर मीही येते. तेवढा उंट जरा बुटका बघा!"