एकदाच विचारतात

मुलुंडच्या सोसायटीतल्या बाकड्यावर बसून चंद्रप्रकाश राणे अमेरिकेची सालटी काढायला लागला, की मालनला हसू आवरायचं नाही. हा तिचा थोरला भाऊ. उभी हयात इंग्लंडात बिस्किटांच्या कारखान्यात काढली, पासपोर्टही तिकडचाच. बायको गेल्यावर घर विकून लेकीकडे, श्रुतिकाकडे ओहायोला गेला तो कायमचा म्हणून. आणि महिन्याभरात बॅगा घेऊन बहिणीच्या दारात हजर.

तेव्हापासून ऐकणाऱ्यांची सुटका नव्हती. ते लोक म्हणे चहाचं पाणी मायक्रोवेव्हमध्ये तापवतात. घरात साधी किटली नाही, आणि म्हणे प्रगत देश! पाणी मागावं तर ग्लासभर बर्फ आणि त्यात घोटभर पाणी. दुकानातली पोरगी कसे आहात विचारते, आणि गुडघ्याचं सांगायला तोंड उघडावं तर ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेली. एकदा हा दूध आणायला पायी निघाला, तर शेजाऱ्यानं गाडी थांबवून विचारलं, तुमची गाडी बंद पडली का? चालणारा माणूस ठाऊकच नाही मेल्यांना. तिथल्या सार्वजनिक संडासांच्या दारांविषयी तो बायकांसमोर बोलायचा नाही, पण त्यांना खाली हातभर फट असते हे अख्ख्या सोसायटीला कळलं होतं.

आला मोठा साहेब, मालन मनात म्हणायची. स्वतः बांगडा काट्याचमच्यानं टोकरत बसतो तो! पण दुपारी हाच साहेब नातवाचा फोटो मोबाइलवर मोठा करून बघत बसलेला तिला दिसे. तो परत का आला, हे त्यानं कधी सांगितलं नाही. शेवटी तिनं श्रुतिकालाच फोन लावला.

"आत्या, मी विचारलं होतं, इथंच राहतोस का म्हणून. बाबा म्हणाला, नको, तुम्हाला त्रास कशाला. मग मी तिकीट काढलं."

मालननं कपाळावर हात मारला. अगं बये, पहिल्या फटक्याला हो कोण म्हणतं? राण्यांच्या घरातला माणूस पाहुणा गेला तर पोह्यांनासुद्धा दोनदा नको म्हणतो, वर ह्याच्यावर इंग्लंडनं आणखी पॉलिश चढवलेलं. पोरगी त्याच घरात वाढलेली, पण अमेरिकेनं सगळं धुऊन काढलं होतं. मालननं तिला चांगली झापली आणि बजावलं, रविवारी फोन कर आणि तीनदा विचार. तिसऱ्यांदा तो हो म्हणेल.

रविवारी फोन आला. चंद्रप्रकाशनं तो स्पीकरवर टाकला. मालन शेजारी कोलंबी सोलत बसली होती, कान तिकडेच.

"बाबा, परत येतोस का आमच्याकडे?"

"नको गं, तुम्हाला त्रास कशाला."

"ये ना, बाबा."

"बघू. तुमचीही कामं असतात." असं म्हणता म्हणता त्यानं शर्टाची कॉलर नीट केली. किती दिवसांनी त्याचा चेहरा असा उजळला होता. आता फक्त एकदा, मालनला वाटलं, विचार गं बाई.

"येतोस का, बाबा? हे बघ, झालं तीनदा. आत्यानं तीनदा विचारायला सांगितलं होतं."

चंद्रप्रकाशनं मालनकडे पाहिलं. ती खाली मान घालून कोलंबीची सालं गोळा करायला लागली. मग त्यानं फोन जवळ ओढला आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, "नको, बाळा."

हे नको खरं होतं. पलीकडून "ओके, बाबा" आलं आणि फोन बंद झाला.

मालनला त्या पोरीचा राग आला, भावाच्या नखऱ्यांचा आला, आणि स्वतःच्या शहाणपणाचा तर एवढा आला, की कालवणात मीठ दोनदा पडलं. चंद्रप्रकाश ते मुकाट्यानं जेवला.

संध्याकाळी बाकड्यावर कुणीतरी हसत अमेरिकेचा विषय काढला. आता सुटेल हा, म्हणून सगळे सरसावून बसले.

"वाईट नाहीत हो ते लोक," चंद्रप्रकाश म्हणाला. "मनात असेल तेवढंच बोलतात."