खाडीकाठचं हिरवं गवत

नागावात खाडीलगत एका बागायतदाराची नारळ-सुपारीची वाडी आहे. त्याची माझी भेट एकदाच झाली. वाडीतलं खत पावसाच्या पाण्याबरोबर खाडीत उतरून शेवाळ माजू नये, म्हणून काठाने गवताचा पट्टा राखणाऱ्याला सरकारी अनुदान मिळत होतं. त्याने पट्टा राखला होता आणि तो मला मोठ्या हौसेने दाखवत होता. बोलताना चपलेच्या टोकाने गवत थोपटायची त्याला सवय होती, पाळलेल्या कुत्र्याला थोपटावं तसं.

“भर उन्हाळ्यात एवढं हिरवं?” मी विचारलं.

“रोज पाणी सोडतो, युरिया मारतो ना. साहेब पाहणीला येतात, सुकलेलं गवत दिसलं तर काय म्हणतील?”

खत अडवायला राखलेल्या गवतालाच तो खत घालत होता. पाहणीच्या साहेबांनी तालुक्यात पहिला नंबर दिला तो याच पट्ट्याला.

खाली खाडीच्या चिखलात एक म्हातारी तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, शोधत होती. त्या विकूनच तिचं घर चालायचं. ती तिथूनच ओरडली, “शेट, शेवाळ बघ कवढा धरलाय! तिसऱ्या गावतच न्हाय. आमी खायाचा काय?”

“मावशी, तुम्ही पण योजना घ्या की!” तो हसला.

“माज्याकडं जमीन कुठं हाय?”

तो माझ्याकडे वळला. “जमीनच नाही, तर हिचं नुकसान कसलं?”

हे तो मनापासून विचारत होता. योजना आखणाऱ्यांनी तेवढंही विचारलं नव्हतं.