लोखंड्या, कॅप्टन आणि कुसुमबाई

छापखान्यात बारा वर्षं काढलेल्या माणसाजवळ दोनच गोष्टी जमतात, नखांतली शाई आणि किस्से. शाई केव्हाच गेली. किस्से मात्र चार मंडळी चहाला बसली की एकामागून एक बाहेर पडतात. मग कोणीतरी म्हणतंच, "ते कॅप्टनचं सांगा ना, मजा येते." मजा त्यांना येते. माझं डोकं अजून तापतं. तरी सांगतो.

आणीबाणी उठल्यानंतरची ती वर्षं. भंडाऱ्याला आमचा छापखाना होता. माणसं तीनच. टेबलावर मालक, मशीनवर दौलतभाऊ आणि अक्षरांचे खिळे जुळवायला मी. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, राइस मिलवाल्यांची पावतीपुस्तकं, असलं सगळं काम. एक दिवस मालकांच्या डोक्यात आलं की एसटी स्टँडवर रहस्यकथा फार खपतात, आपणही छापू. ओळखीपाळखीत सांगून झालं. महिन्याभरात पोस्टानं एक जाड वही आली. वर नुसतं 'के. नारायण'.

वहीत वाफनगर नावाचं शहर होतं. तिथं वीज नाही, सगळं वाफेवर. ट्राम वाफेवर, लिफ्ट वाफेवर, कोर्टातलं घड्याळसुद्धा वाफेवर. त्या शहरात उदय नावाचा बावीस वर्षांचा डिटेक्टिव्ह आणि त्याचा जोडीदार लोखंड्या. लोखंड्या म्हणजे यंत्रमानव, अंगभर तांब्याच्या नळ्या आणि छातीत कोळशाची भट्टी. त्याला खोटं बोलता येत नाही. जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगणार, मग समोर नगरशेठ असो की फौजदार.

जेवणाच्या सुट्टीत मी ती वही उघडली. डबा तसाच राहिला.

०

मालकांनी लेखकाला भेटायला बोलावलं. आली एक तिशीतली बाई, हातात छत्री आणि शाळेची पिशवी. मालक तिच्या मागं दाराकडं बघत राहिले.

"लेखक कुठं आहेत?"

"मीच. कुसुम नारायण."

"तुमचे मिस्टर लिहितात का?"

"मिस्टर नाहीत. मीच लिहिते."

कुसुमबाई राहायला नदीपलीकडं कारध्याला, शिकवायला तिथून पुढच्या एका खेड्यात. मालकांनी वही उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "कथा झकास आहे. पण बाईमाणसाच्या हातचं रहस्य कोण वाचते? आपण नाव टाकू, कॅप्टन दिग्विजय."

"कॅप्टन कोण?"

"कोणी नाही. नुसतं नाव."

बाईंनी वही आपल्याकडं ओढली. मग म्हणाल्या, "नाव तुम्ही म्हणता ते टाका. पण आतला एक शब्द बदलायचा नाही."

मालक लगेच कबूल झाले. मी तिथंच उभा होतो, हातात पत्रिकेचं प्रूफ घेऊन. एक शब्द बोललो नाही. माझा पहिला राग माझ्यावरच आहे, तो आधी सांगून टाकतो.

०

मुखपृष्ठ सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या एका पेंटरकडं गेलं. त्यानं लोखंड्याचा दुधाचा कॅन केला, उदयला मिशा लावल्या आणि मधोमध एक बाई काढली. अंगावर कपडा नावालाच, हातात पिस्तूल. पूर्ण कथेत अशी बाई नाही. कथेत बाया आहेत त्या एक ट्रामची ड्रायव्हर आणि एक डॉक्टरीण.

कुसुमबाईंनी चित्र हातात घेतलं. "ही कोण?"

"ती विकते," मालक म्हणाले. "स्टँडवर लोक तिच्याकडं पाहून पुस्तक उचलतात."

"मग लेखक म्हणून हिचंच नाव टाका. निदान बाई तरी आहे."

दौलतभाऊनं मशीन बंद केलं आणि मागच्या दारानं हसायला बाहेर गेला. मालकांना कळलंच नाही. चित्र तसंच छापलं गेलं.

०

पुस्तकं धडाधड खपली. पोरं दप्तरात लपवून नेऊ लागली, त्यात बाईंच्या शाळेतलीही होती. तिथल्या हेडमास्तरांनी एका दिवसात आठ पुस्तकं जप्त केली, घरी नेऊन सगळी वाचली, आणि सोमवारी शिक्षकांची मीटिंग घेतली.

"हा कॅप्टन दिग्विजय समोर आला तर चाबकानं फोडला पाहिजे. पोरं फौजदाराला प्रश्न विचारायला शिकतात यानं. उद्या आपल्याला विचारतील."

कुसुमबाई समोरच बसलेल्या. हेडमास्तरांनी त्यांनाच सांगितलं, "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे. मी सांगतो, तुम्ही फळ्यावर नोटीस लिहा. ही घाणेरडी पुस्तकं कोणी वाचू नयेत."

हे बाईंनी आम्हाला पुढच्या पुस्तकाचं प्रूफ तपासता तपासता सांगितलं. मी विचारलं, "मग लिहिली?"

"लिहिली. त्यांच्या मजकुरात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. तेवढ्या सुधारल्या."

दौलतभाऊ खदखदून हसला. मीही हसलो. मग बाईंच्या हाताकडं लक्ष गेलं. पेन्सिल इतकी दाबून धरली होती की टोक कागदातून आरपार गेलं होतं.

०

एका गावच्या गणेश मंडळानं पत्र पाठवलं. कॅप्टन दिग्विजय यांचा सत्कार करायचा आहे, कृपया यावे. मालकांनी पत्र दोनदा वाचलं, कडक इस्त्रीचा सफारी काढला आणि मला म्हणाले, "पुस्तकांचा गठ्ठा घे, चाल."

मला वाटलं, तिथं जाऊन सांगतील की कॅप्टन येऊ शकले नाहीत. छे. स्टेजवर चढले, शाल घेतली, नारळ घेतला, आणि माइकवर सांगितलं की मला लिहायची प्रेरणा सैन्यात मिळाली. सैन्य सोडा, हा माणूस शाळेच्या कवायतीला पोट दुखतं म्हणून घरी बसलेला.

पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. आठवी-नववीतली असेल. "सर, लोखंड्या पाणी कुठून भरते? अन् वाफ जास्त झाली तं काय करते?"

तिसऱ्या पुस्तकात पानभर सगळं दिलं होतं. मालकांनी एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नव्हतं.

"लोखंड्या डिझेलवर चालतो," ते म्हणाले.

मुलगी म्हणाली, "नाही सर, पुस्तकात तं..."

"बस खाली. लेखक तू आहेस का मी?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी खाली बसली, तोंड पाडून. मी गठ्ठा धरून मागं उभा. त्या टाळ्या आठवल्या की आजही हाताच्या मुठी वळतात.

०

आता एक गोष्ट हसण्यासारखी नाही, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दौलतभाऊ यंत्राचा माणूस. त्यानं एकदा बाईंना विचारलं, "बाई, बॉयलरचं येवढं तुमाले कसं समजते? मले बी नाही समजत."

बाई म्हणाल्या, "आम्ही एकोडीचे. माझे बाबा साकोलीकडच्या एका राइस मिलमध्ये बॉयलरवर होते. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान उकडायला वाफ लागते, ती त्यांच्या हातची. मी दहा वर्षांची असताना त्यांचा डबा घेऊन जायची. वाफ जास्त झाली की व्हॉल्व्ह उघडतो आणि ती सुटून जाते. मिलवाल्याला वाटायचं, वाफ वाया चालली. त्यानं व्हॉल्व्ह तारेनं बांधून टाकला. बाबांनी दोनदा सांगितलं, मालक, हे फुटेल. तिसऱ्यांदा सांगायची वेळच आली नाही."

दौलतभाऊनं हातातला पाना खाली ठेवला.

"पंचनाम्यात आलं, कामगार दारू पिऊन होता. बाबा चहासुद्धा घेत नव्हते. ती तार मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. पण दहा वर्षांच्या पोरीला कोण विचारतो?"

दौलतभाऊ मशीनवर काम करताना नेहमी काहीतरी गुणगुणायचा. त्या दिवशी नुसतं मशीन वाजत राहिलं.

०

सातवी वही आली ती हीच कथा घेऊन. वाफनगरात धानगिरणीचा बॉयलर फुटतो, सगळे मेलेल्या बॉयलरवाल्यावर ठपका ठेवतात. उदय त्याच्या लहान मुलीजवळ जमिनीवर बसतो आणि विचारतो, "तू काय पाहिलंस?" मुलगी तार सांगते. लोखंड्या राखेतून ती तार शोधून काढतो आणि भर कोर्टात गिरणीमालकासमोर धरतो.

मालकांनी हीच वही मात्र शेवटपर्यंत वाचली. घाम पुसत माझ्याकडं आले. "काहून अशी लिहिते ही बाई? मिलवाले आपले गिऱ्हाईक आहेत. शेवट बदल. बॉयलरवाला दारू पिऊन होता, असं कर. बाकी जुळवून झालंच आहे, दोन पानांचं काम."

"बाईंना शब्द दिला होता."

"शब्दावर छापखाना चालते का? जुळव मुकाट्यानं. बाईले सांगाचं नाही."

आणि ते नागपूरला भाच्याच्या लग्नाला निघून गेले, चार दिवस.

मी दौलतभाऊकडं पाहिलं. तो म्हणाला, "माया मशीनले शेवट समजत नाही. जे देशील ते छापतो."

मी बाईंचा शेवट जसाच्या तसा जुळवला. कानामात्रासुद्धा हलवली नाही. मुखपृष्ठ आधीच छापून आलं होतं, तिथं कॅप्टन होता. आतलं पहिलं पान माझ्या हातात होतं. पत्रिकेत नवरा-नवरीच्या नावाला वापरायचे ते सगळ्यात मोठे खिळे काढले आणि जुळवलं, 'लेखिका : कुसुम नारायण'. मालक परत यायच्या आत गठ्ठे स्टँडवर गेले होते.

यानंतर माझी नोकरी गेली, तुमसरला दुसरी मिळाली, बाईंची बदली झाली. ते सगळ्यांचं होतं तसंच झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते नोकरी जायच्या दिवशीचं.

०

मालक लग्नाहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, एक म्हातारी छापखान्यात आली. नऊवारी, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. साकोलीच्या गाडीतून उतरून विचारत विचारत आलेली. फडकं सोडलं, आत आमचं सातवं पुस्तक.

"हे इथंच छापलं का जी?"

"हो आजी," मालक खुशीत म्हणाले. "कसं काय आलात?"

"माया पोरीनं लिवलं हाये. ती मले वाचून दाखवाले बसते अन् रडते. मंग म्हटलं, ज्यायनं छापलं त्यायलेच सांगू. कोणी वाचून दाखवा."

मालकांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं. मी हात पुसले, स्टूल ओढलं, आजीला बसवलं आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

"आधी तिचं नाव दाखव," आजी म्हणाली. मी पहिलं पान उघडलं. तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडं. "आता वाच."

मी शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. कोर्ट, लोखंड्या, त्याच्या हातातली तार. मालक उठून उभे राहिले.

"थांब. हे काय वाचून राहिला तू? हे कोणी छापलं?"

मी थांबलो नाही. दौलतभाऊनं मशीन बंद केलं, आणि येऊन माझ्या आणि मालकांच्या मधे उभा राहिला. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

आजी रडली नाही. पदर सारखा केला, एवढंच.

मालक तिला समजावू लागले. "आजी, मनाला लावून घेऊ नका. ही गोष्ट आहे. खोटं असते हे सगळं. खरं काय ते सरकारी कागदात असते."

"तो कागद मले मालूम हाये," आजी म्हणाली. "त्याच्यावर अंगठा मायाच घेतला होता. माणूस घरात मरून पडला होता, अन् चार जण कागद घेऊन आले. काय लिवलं ते कोणी वाचून नाही दाखवलं. मले वाटलं, दवाखान्याचा असन."

आजीनं माझ्या हातातून पुस्तक घेतलं, शेवटचं पान उघडून मांडीवर ठेवलं, आणि उजवा अंगठा मालकांच्या समोर धरला.

"हे मी आयकलं," ती म्हणाली. "आन शाई."