पावणेदोन तासांचं अंतर

अठ्ठावीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला, पोरांकडून नकाशावरची अंतरं मोजून घेतली, आणि माझ्याच घरचं अंतर काही मला मोजता आलं नाही. एकुलत्या मुलानं बंगळूरला नोकरी धरली तेव्हा हे नाराज होते. शेवटी धावून कोण येईल, म्हणायचे. मीच पोराची बाजू घेतली. बंगळूर ते नागपूर सरळ रेषेत जेमतेम नऊशे किलोमीटर, विमानाला पावणेदोन तास, त्यात काय एवढं, असं वर त्यांनाच ऐकवलं.

गेल्या जानेवारीत ह्यांचं दुखणं विकोपाला गेलं. मुलाला बोलावून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याला दुसऱ्या दिवशीचं सकाळचं विमान मिळालं. आमच्याकडे शेवटचं गंगाजल मुलाच्याच हातचं. मी पिपरी मेघेच्या आमच्या घरून गंगाजलाची लोटी आणि तुळशीची पानं वर्ध्याच्या दवाखान्यात नेऊन ठेवली. केळझरच्या गणपतीला हात जोडले, देवा, साडेनऊला विमान उतरेल, अकराला पोरगा वर्ध्यात पोचेल, तेवढं ह्यांना थांबव. आता लाज वाटते, पण मी देवालासुद्धा वेळापत्रक बांधून दिलं होतं.

दहाला पोराचा फोन आला. नागपुरात दाट धुकं, विमान हैदराबादला उतरवलं, पुढे कधी निघेल कोणी सांगत नाही. तो रडत होता. त्याला धीर दिला, फोन ठेवला आणि मनातल्या मनात गणपतीशी कडाकडा भांडले. ह्यांचे ओठ सुकले होते. दोनदा त्यांनी लोटीकडे पाहिलं. थांबा हो, येतोच आहे तो, असं म्हणून मी दोन्ही वेळा लोटी बाजूला सरकवली.

शेजारच्या खाटेपाशी आंजी गावची एक बाई सासूची सेवा करत होती. दोन दिवसांत आमचं धड बोलणंही झालं नव्हतं. ती उठून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, पोरगा येईल तवा येईल. त्याईले आता तहान लागली. पाणी काऊन अडवून ठेवलं?"

मी मेली एवढी शिकलेली, पण माणूस तहानलेला आहे हे मला दिसलंच नव्हतं. मी त्यांना लोटीतलं चमचाभर पाणी पाजलं. त्यांनी ते गिळलं, माझ्याकडे पाहिलं, माझं बोट धरलं. अर्ध्या तासानं ते गेले. त्या गडबडीत त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं. नंतर पाहिलं तर तिच्या सासूची खाट रिकामी होती, सासूला सुट्टी मिळाली म्हणे.

मुलगा पोचला तेव्हा दिवस मावळला होता. दारातच त्यानं विचारलं, "बाबांनी पाणी घेतलं?"

"घेतलं," मी म्हटलं.

तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडला. मी मागितलं ते देवानं दिलं नाही. ह्यांना हवं होतं ते मात्र वेळेवर पाठवलं. आता केळझरला जाते तेव्हा काही मागत नाही, नुसती हात जोडून उभी राहते.